उजेड कुणाच्या तोंडावर? : तमाशापटांचे छायाचित्रण आणि नारायणगावचा फड

जगातल्या सर्वांत देखण्या चित्रपटांच्या याद्या अधूनमधून प्रसिद्ध होतात. त्यांत ‘बॅरी लिंडन’ असतो, ‘डेज ऑफ हेवन’ असतो, ‘इन द मूड फॉर लव्ह’ असतो. आपल्याकडच्या चर्चेत त्यांच्या जोडीला ‘पिंजरा’, ‘नटरंग’, ‘किल्ला’, ‘सैराट’ ही नावे घेतली जातात. या निवडींशी माझे भांडण नाही. पण ‘देखणे’ म्हणजे काय, हे तिथे गृहीतच धरलेले असते. चौकट थांबवून भिंतीवर टांगता आली की छायाचित्रण उत्तम, अशी एक समजूत रूढ झाली आहे. मला वाटते, देखणेपण तपासायला दोन साधे प्रश्न पुरतात. उजेड कुठून येतो? आणि तो कुणाच्या तोंडावर पडतो?

‘बॅरी लिंडन’ (1975) या चित्रपटाचेच उदाहरण घेऊ. स्टॅन्ली क्युब्रिक आणि छायालेखक जॉन अल्कॉट यांनी त्यातले काही प्रसंग मेणबत्त्यांच्या उजेडात टिपले. त्यासाठी मुळात नासासाठी बनवलेली, एफ 0.7 एवढ्या मोठ्या छिद्राची झाइस कंपनीची भिंगे वापरली. अशा भिंगात स्पष्ट दिसणारा पट्टा फार अरुंद असतो, त्यामुळे नटांना जागचे फारसे हलता येत नाही. त्या दृश्यांमधला थिजलेपणा काही अंशी तिथून आला आहे. मेणबत्ती खोलीतच असल्यामुळे पत्ते खेळणारा आणि त्याच्याकडे पाहणारा, दोघेही एकाच उजेडात बसतात. सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’साठी (1956) सुब्रत मित्र यांनी बनारसच्या घराचे अंगण कापडावरून परावर्तित केलेल्या प्रकाशात उजळले. कारण तशा घरात उजेड वरून, आभाळातून झिरपत येतो. दोन्ही ठिकाणी सौंदर्याचा उगम जागेत आहे. ते वरून चिकटवलेले नाही.

हे दोन प्रश्न मी मराठी तमाशापटाला विचारणार आहे. मी जुन्नर तालुक्यात राहतो, आणि तमाशाची पंढरी म्हणवले जाणारे नारायणगाव याच तालुक्यात आहे. भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांचा फड इथला. विठाबाई नारायणगावकर (1935–2002) इथल्या. गुढीपाडव्याच्या सुमारास आजही नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच जत्रेची सुपारी द्यायला येतात. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत चैत्र-वैशाखातल्या जत्रा म्हणजे सकाळी बैलगाडा आणि रात्री तमाशा, असे समीकरणच आहे. त्यामुळे पडद्यावरचा फड पाहताना मूळ फड कसा दिसतो, हा हिशेब इथल्या प्रेक्षकाच्या मनात आपोआप सुरू होतो.

फडाचा मूळ उजेड

तमाशा मशालींच्या आणि टेंभ्यांच्या उजेडात वाढला. पुढे गॅसबत्ती आली, नंतर जनरेटर, हॅलोजन आणि आता रंगीत फिरते दिवे. यांपैकी गॅसबत्तीचा काळ दृश्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. रॉकेलवर चालणारी, पंप मारून पेटवायची ही बत्ती खांबाला टांगली की तिचा पांढरा उजेड चहूकडे सारखा पडतो. त्याला दिशा देता येत नाही. तो ढोलकीवाल्यावर पडतो, नाचणारीवर पडतो आणि पुढच्या रांगेत मांडी घालून बसलेल्या गावकऱ्यांवरही पडतो. मागच्या रांगा अंधूक होत जातात, पण पुढचे पाच-पंचवीस चेहरे बोर्डावरच्या माणसांइतकेच स्पष्ट दिसतात.

हा तांत्रिक तपशील तमाशाच्या प्रकृतीशी जुळलेला होता. गण झाला की गवळण. तिथे पेंद्या आणि मावशी प्रेक्षकांनाच संवादात ओढतात. बतावणीत सोंगाड्या समोर बसलेल्या माणसावर हजरजबाबी कोटी करतो. ती करायची तर तो माणूस त्याला दिसायला हवा. दौलतजादा घेताना पैसे कुणी दिले, कुणाच्या नावाने दिले, हे सगळ्यांसमक्ष जाहीर होते. पाहणाराही त्या रात्री पाहिला जात असतो. जो पैसे फेकतो, जो खाली मान घालतो, जो तोंड लपवून मागच्या मागे निघून जातो, ते सगळे त्या खेळाचे भाग असतात. तेव्हा बोर्डावरच्या बाईवर उजेड आणि पाहणारे पुरुष अंधारात, ही मांडणी मुळात फडाची नव्हेच. ती बंदिस्त नाट्यगृहाची आणि चित्रपटगृहाची आहे. तमाशा पडद्यावर आला तेव्हा या दोन मांडण्यांपैकी कोणती निवडली गेली, त्याचा हा शोध आहे.

एक गुरू, दोन वाटा

मराठी चित्रपटाच्या प्रकाशयोजनेचा इतिहास कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांच्यापाशी सुरू होतो. नाटकांचे पडदे रंगवणारा हा चित्रकार. त्यांनी स्वतः कॅमेरा तयार केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. सुरुवातीचे भारतीय चित्रपट सूर्यप्रकाशावर अवलंबून असत. ‘सिंहगड’मध्ये (1923) रात्रीच्या प्रसंगांसाठी पेंटरांनी कृत्रिम दिवे वापरले, आणि आपल्या चित्रपटाला रात्र दाखवता येऊ लागली. त्यांच्याच हाताखाली शिकलेले दामले, फत्तेलाल आणि शांताराम 1929 मध्ये बाहेर पडले. त्यांनी ‘प्रभात’ काढली आणि 1933 मध्ये ती पुण्यात आणली. पुढे शांतारामांनी मुंबईत ‘राजकमल’ उभारली. 1947 चा ‘लोकशाहीर राम जोशी’ हा राजकमलचाच चित्रपट. त्याच्या दिग्दर्शनात पेंटरांचा वाटा होता, आणि तमाशापटांच्या लाटेचा आरंभ तिथून मानला जातो. म्हणजे गुरू एकच, आणि त्याच्या शिष्यांनी पाहणाऱ्याचे काय करायचे या प्रश्नाची दोन वेगळी उत्तरे दिली.

पहिले उत्तर दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’मध्ये (1936) आहे. छायालेखक व्ही. अवधूत, कलादिग्दर्शन फत्तेलालांचे. 1937 च्या व्हेनिस महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याचे देखणेपण नेमके कुठे आहे, हे मात्र फारसे सांगत नाही. विष्णुपंत पागनीस यांचा चेहरा कॅमेरा समोरून घेतो. समीक्षक गीता कपूर यांनी या सन्मुखतेवर महत्त्वाचे लेखन केले आहे. संत देवासमोर असतो आणि त्याच वेळी आपल्याही समोर असतो, त्यामुळे पडदा पाहणारा आपसूक भक्तांच्या मेळ्यात जाऊन बसतो. मला त्यात एवढीच भर घालायची आहे, की या चित्रपटात ऐकणाऱ्यांचे चेहरेही तितक्याच मायेने उजळले आहेत. टाळकऱ्यांवर, बायाबापड्यांवर, गौरीने साकारलेल्या जिजाईवर आणि तिच्या म्हशीवर पडणारा उजेड तुकोबांवरच्या उजेडाच्याच जातीचा आहे.

तुकोबांना भुलवायला सालोमालो एका कलावंतिणीला पाठवतो, तो प्रसंग आपल्या विषयाच्या अगदी जवळचा आहे. नाचणारी स्त्री आणि पाहणारा पुरुष, ही पुढच्या तमाशापटांची ठरलेली जोडी इथे आधीच आहे. पण इथे नाचणारीच ऐकणारी होते. तिच्यात पालट होतो तो ऐकल्यामुळे, आणि कॅमेरा तिचा ऐकणारा चेहरा आपल्याला पाहू देतो. शेवटी तुकोबांचे विमान वर जाते. त्यातली चमत्काराची करामत आज साधी वाटेल. लक्षात राहते ती खाली, जमिनीवर उरलेली जिजाई. दैवी उजेडाचा प्रसंगसुद्धा हा चित्रपट पाहणाऱ्याच्या बाजूने पूर्ण करतो.

दुसरे उत्तर शांतारामांचे. ‘झनक झनक पायल बाजे’ (1955) आणि ‘नवरंग’ (1959) या चित्रपटांनी रंगाची त्यांची हौस देशभर दाखवली होती. ‘पिंजरा’मध्ये (1972) ती मराठीत उतरली. जोसेफ फॉन स्टर्नबर्ग यांच्या ‘द ब्ल्यू एंजल’ (1930) या जर्मन चित्रपटाचे कथासूत्र, डॉ. श्रीराम लागूंचे आदर्शवादी मास्तर, संध्याबाईंची चंद्रकला, निळू फुले, राम कदम यांचे संगीत, आणि भडक, स्वच्छ, काटेकोर रंग. हा चित्रपट देखणा आहे यात वाद नाही. नऊवारीच्या रंगासमोर मास्तरांचे पांढरे धोतर ठेवायचे आणि कथेबरोबर ते पांढरेपण मळत न्यायचे, ही कल्पना चित्रकाराची आहे. पेंटरांचा शिष्य तिथे दिसतो.

परंतु ‘पिंजरा’ ही मुळात एका प्रेक्षकाची गोष्ट आहे. गावातले लोक चोरून तमाशाला जातात, त्यांना अडवणारा मास्तर स्वतःच पाहता पाहता अडकतो. पाहण्याने माणसाचे काय होते, हाच विषय. असे असताना उजेड बहुतेक सगळा नाचणारीवर खर्च होतो. नृत्ये कॅमेऱ्यासाठी बसवलेली, प्रकाश स्टुडिओचा, आणि गावकरी म्हणजे मान डोलावणारी गर्दी. मोह बोर्डावरून खाली येतो आणि बिचाऱ्या पुरुषाला गिळतो, असा निकाल या प्रकाशयोजनेतून आधीच लागलेला असतो. सुपारी देऊन फड गावात आणणारे पंच, दौलतजादा करणारे हात, या सगळ्या व्यवहारावर दिवा फिरतच नाही. देखणेपणाने इथे एक बाजू झाकली आहे.

‘सांगत्ये ऐका’ : समोरच्याला हाक

या दोन वाटांच्या मधे अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ (1959) उभा आहे. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात तो 131 आठवडे चालला. हंसा वाडकर आणि जयश्री गडकर यांचा अभिनय, वसंत पवार यांचे संगीत, या गोष्टींवर भरपूर लिहिले गेले. छायाचित्रणासाठी याचे नाव कुणी घेत नाही. कृष्णधवल, कमी खर्चाचा, सरळ चित्रण असलेला चित्रपट म्हणून तो बाजूला पडतो. पण माझ्या दुसऱ्या प्रश्नाला तो ‘पिंजरा’पेक्षा खरे उत्तर देतो. गावच्या पाटलाने केलेल्या अन्यायाची गोष्ट यात तमाशाच्या बोर्डावरून सांगितली जाते. सांगणारी वर आणि ज्यांनी ऐकायचे ते समोर. चित्रपटाचे नावच समोरच्याला घातलेली हाक आहे. समोरचा माणूस अंधारात ठेवला तर ही गोष्ट उभीच राहणार नाही. म्हणून कॅमेऱ्याला वळावे लागते. ज्याच्याकडे बोट आहे त्याचा चेहरा दाखवावा लागतो. इथे कथेनेच दिवा फिरवायला भाग पाडले. फडाची जुनी मांडणी, म्हणजे पाहणाराही पाहिला जाणे, पडद्यावर टिकली ती अशी.

‘नटरंग’ आणि गाण्यांचा झगमगाट

रवी जाधव यांचा ‘नटरंग’ 1 जानेवारी 2010 रोजी आला. आनंद यादव यांची कादंबरी, छायालेखक महेश लिमये. मराठी चित्रपट पुन्हा देखणा झाला, असे तेव्हा सगळे म्हणाले, आणि त्यात तथ्य होते. गुणा हा मोटेवर राबणारा, तालमीतल्या शरीराचा मजूर. विहिरीवर पंप बसतो आणि त्याचे काम जाते. फड उभा करायचा तर नाच्या हवा, आणि तो स्वतः नाच्या होतो. अतुल कुलकर्णी यांच्या शरीरातला हा बदल दाखवताना छायाचित्रण फार समजूतदार आहे. उन्हातले, मातीच्या रंगाचे शरीर आणि नंतरचे हळूहळू निराळे वळण घेणारे शरीर, या दोहोंमध्ये उजेडाची जात बदलते. नाच्याकडे पाहणाऱ्या समाजाची हिंसाही हा चित्रपट टाळत नाही.

गाणी सुरू झाली की मात्र तोच चित्रपट आपला मुद्दा विसरतो. रंगीत झोत, मागून येणारा प्रकाश, झगमगता पडदा, आणि समोर शिट्ट्या मारणारी, चेहरा नसलेली गर्दी. ही गाणी चित्रपटापासून सुटून स्वतंत्रपणे जगली. लग्नाच्या वरातीत आणि गॅदरिंगमध्ये ती वाजतात, त्यांचे सादरीकरण जसेच्या तसे उतरवले जाते. त्याचा उलटा परिणाम फडांवर झाला. तालुक्यातल्या जत्रांत आता दिवे त्या धर्तीवर लागतात. बोर्ड झळझळीत, समोर अंधार. त्या अंधारात मोबाईलचे शेकडो पडदे वर धरलेले, आणि प्रत्येक पडद्यावर फक्त नाचणारी. सोंगाड्याला आता समोरचा माणूस दिसत नाही. मग बतावणी आखडते, वगाला वेळ उरत नाही, गाण्यांची फर्माईश वाढते. याला एकटा ‘नटरंग’ जबाबदार आहे असे मी म्हणणार नाही. दूरचित्रवाणी आहे, ऑर्केस्ट्रा आहे, पोलिसांनी घालून दिलेली वेळेची मर्यादा आहे. पण उजेडाचा नमुना चित्रपटातून आला, हे नाकारता येत नाही. छायाचित्रणाचा प्रश्न इथे कलाकारांच्या पोटाशी येऊन भिडतो.

देखाव्याखाली काय असते

हीच गोष्ट आमच्या भूप्रदेशाची झाली आहे. पावसाळ्यात माळशेज, नाणेघाट, भीमाशंकर यांची ड्रोनने घेतलेली हिरवी दृश्ये सगळीकडे फिरतात. चित्रपटांना, मालिकांना, जाहिरातींना ती हवी असतात. डिंभे धरणाचा जलाशय वरून पाहिला तर अप्रतिम दिसतो. त्याच पाण्याखाली मूळ आंबेगाव आहे. ज्या गावाचे नाव तालुक्याला आहे ते गावच बुडालेले, आणि तालुक्याचा कारभार घोडेगावहून चालतो. त्या उंचीवरून हे दिसणे शक्यच नाही. आवणी करणारे महादेव कोळी आणि ठाकर हिरव्या चौकटीतले ठिपके होतात. चौकट सुंदर आहे म्हणून तिला प्रश्न विचारायचा नाही, ही सवय तमाशापटांनी आपल्याला लावली की आपल्यामुळे त्यांना लागली, हे ठरवणे अवघड आहे. सवय मात्र एकच आहे.

दिवा फिरवणारे

ही सवय मोडणारी उदाहरणे अलीकडच्या काळात आहेत, आणि ती तमाशापटाच्या बाहेर आहेत. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (2013), छायालेखक विक्रम अमलादी. त्यातला डुक्कर पकडण्याचा दीर्घ प्रसंग आठवावा. शाळेच्या आसपास जब्याचे कुटुंब डुकरामागे धावते आहे आणि गाव तो खेळ असल्यासारखा पाहतो आहे. कुणी हसते, कुणी मोबाईलवर टिपते. कॅमेरा पुनःपुन्हा त्या पाहणाऱ्यांकडे जातो. उजेड भर दिवसाचा. गॅसबत्तीसारखाच तो सगळ्यांवर सारखा पडतो, कुणालाही लपता येत नाही. पुढे मेलेले डुक्कर वाहून नेताना मागे शाळेच्या भिंतीवरची थोर पुरुषांची चित्रे येतात. तिथे चौकटीने भाष्य केले आहे, आणि कुठेही सजावट केलेली नाही. शेवटचा दगड थेट भिंगाच्या दिशेने येतो. पाहणारा म्हणून आपणही तिथे होतो, याची ती खूण आहे. देखण्या मराठी चित्रपटांत मी ‘फँड्री’ला फार वर ठेवतो, कारण त्यातला एकही चेहरा सोयीने अंधारात ठेवलेला नाही.

दुसरे उदाहरण माहितीपटाचे. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ 2016 मध्ये कानच्या महोत्सवात दाखवला गेला आणि तिथे माहितीपटांच्या ‘लय दोर’ पुरस्कारात त्याचा विशेष उल्लेख झाला. महाराष्ट्रातल्या जत्रांमधून ट्रकवर प्रोजेक्टर घेऊन फिरणाऱ्या तंबू टॉकीजची ही गोष्ट. फिल्मची रिळे जाऊन डिजिटल यंत्रे येतात तो काळ त्यात पकडला आहे. मधेशिया यांनी आधी याच तंबूंतल्या प्रेक्षकांची छायाचित्रे काढली होती. त्यांना 2011 मध्ये वर्ल्ड प्रेस फोटो पुरस्कार मिळाला. त्यांतला उजेड पडद्यावरून परत आलेला आहे. सिनेमा पाहता पाहता उघडी राहिलेली तोंडे, ताणलेले डोळे, एकमेकांना टेकलेली पोरे. आमच्याकडच्या जत्रेत पूर्वी फड आणि तंबू टॉकीज शेजारी शेजारी लागत. फडाचा प्रेक्षक तमाशापटांनी दाखवला नाही, तंबूतला प्रेक्षक या दोघांनी दाखवला. हे काम करायला मोठे भिंग लागले नाही. पडद्याकडे पाठ करून उभे राहावे लागले.

या सगळ्यातून मला समीक्षेविषयी एक गोष्ट सांगायची आहे. आपल्याकडे छायाचित्रणावर लिहिताना ‘नेत्रसुखद’ हा एक शब्द टाकून पुढे जाण्याची रीत आहे. तमाशापटाच्या बाबतीत ती महागात पडते. बोर्डावर उभ्या राहिलेल्या बायका प्रामुख्याने दलित आणि भटक्या जातींतल्या. समोर सुपारी देणारे आणि पैसे उधळणारे गावातले मानकरी. एका बाजूवर सगळा प्रकाश टाकून दुसरी बाजू काळी ठेवली की हा व्यवहारच दिसेनासा होतो, आणि पडद्यावर उरतो तो केवळ एका बाईचा नखरा. ज्या समीक्षकाने याला सुंदर म्हटले आणि विषय संपवला, त्याने त्या अंधारात स्वतःलाही जागा करून घेतली.

विठाबाईंच्या नावाने राज्य शासन जीवनगौरव पुरस्कार देते. त्यांच्यावर आणि त्यांच्यासारख्या कलावतींवर यापुढेही चित्रपट निघतील, आणि त्यांचे छायालेखक आजच्यापेक्षा कितीतरी सरस कॅमेरे घेऊन येतील. आता भिंगे काळोखातही पाहू शकतात, त्यामुळे एखाद्या गॅसबत्तीच्या उजेडात अख्खा फड टिपणे अशक्य राहिलेले नाही. तसे कुणी करायचे ठरवले तर जुने जाणते ढोलकीवाले आणि सोंगाडे अजून नारायणगाव परिसरात आहेत. बत्ती किती उंच टांगायची, किती रांगांपर्यंत माणूस ओळखू येत असे, टोमणा मारायला सोंगाड्या कुणाला निवडत असे, हे ते सांगतील. ही माहिती कुठल्याही ग्रंथात नाही, आणि ती सांगणारी पिढी आता थकली आहे. पुढच्या तमाशापटाने सेट उभारण्याआधी या माणसांकडे जावे. बोर्डाचा आकार आणि लुगड्याचा रंग त्यांना विचारला जाईलच. समोरची पुढची रांग त्या उजेडात कशी दिसायची, हेही आवर्जून विचारावे.